मदत हवी आहे: गुजरातीतलं लिंग कसं लक्षात ठेवायचं? आणि आजेसासूबाईंना नपुंसकलिंग का लावायचं?

नमस्कार मंडळी,

मी मूळची नाशिकची, लग्नाला दीड वर्ष झालं, सासर गुजराती आणि राहायला बडोद्यात. घरात बाकी सगळ्यांशी हिंदीत निभून जातं पण नवऱ्याच्या आजी, त्यांना सगळे बा म्हणतात, त्या फक्त गुजराती बोलतात. दुपारी त्या एकट्याच झोपाळ्यावर बसलेल्या असतात, मी जाऊन शेजारी बसते आणि दोन वाक्यांत माझं गाडं अडतं. शब्द बऱ्यापैकी येतात आता, अडतं ते लिंगापाशी.

सुरुवातीला मला वाटलं होतं की हे आपल्याला सोपं जाणार, कारण हिंदीत दोनच लिंगं पण गुजरातीत मराठीसारखीच तीन. छोकरो, छोकरी, छोकरुं म्हणजे मुलगा, मुलगी, मूल. मारुं घर म्हणजे माझं घर, मारुं नाम म्हणजे माझं नाव, दूध, पाणी, काम, फूल, शहर सगळं आपल्यासारखंच. मग मी काय केलं, मराठीतलं लिंग उचलायचं आणि तिकडे नेऊन ठेवायचं, आणि तिथेच फसले. जेवताना विचारलं छाश केवुं छे, कारण डोक्यात "ताक कसं आहे" चालू होतं, तर बरोबर आहे केवी छे. दुकान आपल्याकडे ते, इथे ती. ऑफिस पण ती, पेन पण ती. आपला चहा तो, इथे घरात सगळे चा सारी थई छे म्हणतात, म्हणजे चहा चांगला झालाय. डोळा तो पण आंख ती. आता बोलायच्या आधी प्रत्येक वस्तूला मनात थांबून विचारावं लागतं आणि तोवर बांनी दुसरा विषय काढलेला असतो.

दुसरा प्रश्न जास्त मनाला लागलेला आहे. परवा बा देवळातून आल्या, मी आनंदाने म्हटलं, बा आवी! नणंद हळूच कानात म्हणाली, भाभी, बा आव्यां बोलो. मला वाटलं आव्या म्हणजे पुल्लिंगी अनेकवचन, आदरार्थी असेल. रात्री नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला पुल्लिंग नाही, ते नान्यतर आहे. इथे व्याकरणात नरजाति, नारीजाति आणि नान्यतरजाति म्हणतात, म्हणजे आपलं नपुंसकलिंग. ऐकून मी गप्पच झाले. आपल्याकडे घरातल्या मोठ्या बाईला असं नपुंसकलिंगात कोणी बोललं तर केवढा अपमान वाटेल. बरोबर आहे हे कळतंय पण माझ्या जिभेवर यायला धीर होत नाही. असं का आहे ते कोणी नीट समजावून सांगेल का? ज्यांनी मराठीतून गुजराती शिकली त्यांनी प्लीज लिहा.

प्रतिसाद (जन्मापासून बडोदेकर)

ताई, आधी दुसऱ्या प्रश्नाचं सांगतो कारण तुमच्या मनातली भीती निघायला हवी. आमच्या घराण्याच्या कितीतरी पिढ्या इथे, गायकवाडांच्या काळापासून, घरात मराठी आणि दाराबाहेर गुजराती, त्यामुळे हे दोन्हीकडून ऐकत मोठा झालोय.

मराठीत आपल्याकडे आली आणि आल्या असे दोन वेगळे शब्द आहेत. मुलगी आली, मुली आल्या, म्हणून मोठ्या बाईला अनेकवचन लावलं की आदर लगेच कानाला कळतो, सासूबाई आल्या. गुजरातीत छोकरी आवी आणि छोकरीओ पण आवीच. सारी छोकरी, सारी छोकरीओ. स्त्रीलिंगाच्या क्रियापदाला आणि विशेषणाला वेगळं अनेकवचनच नाही, मग आदर दाखवायचा कशाने? तिथे नान्यतराचं अनेकवचन वापरतात, आव्यां, गयां, मारां बा. हे कारण माझ्या समजुतीने सांगतोय पण मला तरी यानेच उलगडलं. तिथे कोणी बांना वस्तू समजत नाही, तो मानच आहे. उलट आवी म्हटलं की ती लहान बहीण किंवा मैत्रीण होते. हां, स्वतःच्या आईला मारी मम्मी आवी असं लाडाने म्हणणारे भरपूर आहेत, ते अगदी चालतं, पण आजेसासूबाईंना तुम्ही आव्यांच म्हणा.

आणि मराठीला हे इतकं परकं पण नाहीये बघा. नवरा-बायको दोघं आली, ती सगळी माणसं जेवली, इथे आपणही बाई आणि पुरुष एकत्र आले की नपुंसकलिंगाचं अनेकवचनच लावतो ना, दोघं म्हणताना कुठे अपमान वाटतो? गुजरातीत पण तेच, मम्मी-पप्पा आव्यां, अमे बंने गयां हतां. त्याच रूपाने ते मोठ्या बाईला मान देतात एवढाच फरक.

ऐकताना मात्र कान द्या. वडीलधारा पुरुष आव्या आणि बाई आव्यां, फरक फक्त नाकातल्या बारीक आवाजाचा आहे, भरभर बोलताना तो जवळजवळ ऐकूच येत नाही आणि मेसेज टाइप करताना खूप गुजराती लोक अनुस्वार देतच नाहीत, त्यामुळे तुम्हाला पुल्लिंग वाटलं यात तुमची काही चूक नाही.

प्रतिसाद (घाटकोपरवाली, माहेर गुजराती, सासर मराठी)

तुझं उलटं माझं झालंय गं, मी गुजराती घरातून मराठी घरात आले आणि दुकान माझी दुकान म्हणायचे ते सुटायला दोन वर्षं लागली, त्यामुळे धीर धर.

शब्दांसाठी एकच सवय लाव, नुसता शब्द कधी पाठ करू नकोस, मारो मारी मारुं लावूनच पाठ कर. छाश नाही, मारी छाश. दुकान नाही, मारी दुकान. शेवट बघून बरंच कळतं, ओ आला की पुल्लिंगी, रस्तो, दरवाजो, महिनो, पैसो, आणि हे सगळे मराठीत आ ने संपणारे पुल्लिंगीच आहेत, रस्ता, दरवाजा, महिना, पैसा. उं आला की नान्यतर, माथुं, बारणुं, अथाणुं, मीठुं, आणि मराठीत बघ डोकं, दार, लोणचं, मीठ, सगळी ती नपुंसकलिंगीच. ई ला मात्र डोळे झाकून स्त्रीलिंग समजू नकोस, गाडी रोटली चोपडी ठीक आहे पण पाणी, दहीं, घी नान्यतर आहेत आणि मोती पण, तो मराठीत पुल्लिंगी आहे. जिथे शब्दाच्या शेवटी काहीच खूण नाही, छाश, दुकान, आंख, तिथेच खरी अडचण आणि तिथेच मराठीवर विसंबू नये.

एक गोष्ट तुला आवडेल, एकाच वस्तूचं लिंग बदललं की आकार बदलतो. जाड मोठा बाजरीचा तो रोटलो, पातळ नाजूक ती रोटली. थेलो थेली, चमचो चमची, छरो छरी. मराठीत पण डबा डबी, लोटा लोटी, सुरा सुरी आहेच की. प्राण्यांत नर-मादी माहीत नसली की कूतरुं, बिलाडुं, जसं आपण कुत्रं म्हणतो. हे बांकडूनच शीक, स्वयंपाकघरात एक एक वस्तू हातात घेऊन विचार, त्यांनाही बरं वाटेल.

आणि केटलुं नीट शीक, बाजारात रोज लागतं. मराठीत किती कधी बदलत नाही, किती दूध, किती साखर, किती रुपये. गुजरातीत केटलुं दूध, केटली खांड, केटला रुपिया. शंका आली की सार्थ गुजराती जोडणीकोश बघ, गुजरात विद्यापीठाचा, पहिल्यांदा 1929 मध्ये निघाला, प्रत्येक नामापुढे लिंग दिलेलं असतं.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार, "दोघं आली" वाचलं आणि मनावरचं ओझंच उतरलं. अजून एक विचारते. मी म्हटलं में नणंदने बोलाव्युं, म्हणजे मी नणंदेला बोलावलं, तर नवरा म्हणाला बोलावी पाहिजे. पण मध्ये ने आलाय ना? आपल्याकडे ला आला की क्रियापद सरळ बोलावलं होतं.

प्रतिसाद (जन्मापासून बडोदेकर)

नवरा बरोबर सांगतोय. ही जागा प्रत्येक मराठी माणूस चुकतो, मी अजून कधी कधी चुकतो. मराठीत ला लागला की क्रियापद मोकळं होऊन नपुंसकलिंगात जातं, मुलाला बोलावलं, मुलीला बोलावलं. गुजरातीत ने लागला तरी क्रियापद त्या माणसाचा हात सोडत नाही. में छोकराने बोलाव्यो, में छोकरीने बोलावी, आणि में बाने बोलाव्यां. तिथेही मान पाळायचा.

त्याच्या बदल्यात एक सोपं पण आहे. वर्तमानकाळात आपल्याला मी जातो, मी जाते असं करावं लागतं, गुजरातीत हुं जाउं छुं, बाई असो पुरुष असो, लिंगच नाही. भूतकाळात मात्र गयो, गई परत येतं. आणि मला चहा प्यायचाय, पाणी प्यायचंय ही आपली रचना तिकडे जशीच्या तशी आहे, मारे चा पीवी छे, मारे पाणी पीवुं छे, मारे लाडवो खावो छे. लिंग तेवढं त्यांचं लावायचं.

धागाकर्ती

आज दुपारी केलं. बांच्या शेजारी बसले आणि विचारलं, बा, तमे जम्यां? त्यांनी एकदम मान वर करून बघितलं आणि मग बोलायलाच लागल्या, त्यांच्या लग्नाबद्दल, खूप वेळ, मला निम्मं कळलं असेल. त्यात त्या सारख्या अमारां लग्न थयां म्हणत होत्या, थयुं नाही, थयां. लग्न एकच ना, मग अनेकवचन का? बांना मध्येच थांबवून विचारावंसं वाटलं नाही म्हणून इथे विचारतेय.

प्रतिसाद (घाटकोपरवाली)

लग्न शब्द तिकडे बहुतेक वेळा अनेकवचनातच बोलतात गं, नान्यतर अनेकवचन, लग्न थयां, लग्नमां आवजो. कारण विचारत बसू नकोस, तसंच पाठ कर. आणि उद्या बांना विचार, तमारां लग्न क्यां थयां हतां, म्हणजे तुमचं लग्न कुठे झालं होतं?