टास्कबार आणि आयकॉन: आहेत तसे ठेवावेत की आपल्या सोयीने बदलावेत?

कोरा_डेस्कटॉप:
माझं मत आधीच सांगतो. लिनक्स नवं टाकलं की टास्कबार आणि आयकॉन जसे येतात तसेच राहू द्यावेत. मी ग्नोम या लिनक्सच्या डेस्कटॉपवर कित्येक वर्षं डॅश टू पॅनेल हे एक्सटेन्शन (बाहेरून जोडायची भर) लावून खाली पूर्ण पट्टी ठेवायचो. ग्नोमची आवृत्ती दर सहा महिन्यांनी बदलते आणि एक्सटेन्शन तिच्यासाठी सुधारलेलं नसलं की बंद पडतं. २०२३ मध्ये ग्नोम ४५ आलं तेव्हा मॉड्यूल लोड करण्याची पद्धतच बदलली, जुनं एकही एक्सटेन्शन दुरुस्तीशिवाय चालेना. नेमकं त्याच दिवशी काम संपवून द्यायचं होतं आणि पट्टी गायब! तेव्हापासून एकही एक्सटेन्शन लावलेलं नाही. सुपर की (विंडोजचं चिन्ह असलेली) दाबतो, दोन अक्षरं टाइप करतो, ॲप उघडतं.

उजवी_क्लिक:
साफ असहमत. तुम्हाला त्रास झाला तो ग्नोमच्या रचनेमुळे. २०११ मध्ये ग्नोम ३ ने खालची विंडोंची यादीच काढून टाकली, म्हणून ती परत आणायला बाहेरचं एक्सटेन्शन लागतं. केडीई प्लाझ्मा या दुसऱ्या डेस्कटॉपमध्ये पॅनेलवर, म्हणजे टास्कबारवर, उजवी क्लिक करून एडिट मोडमध्ये जा, उंची वाढवा, पट्टी डाव्या कडेला न्या, नुसत्या आयकॉनांचा टास्क मॅनेजर काढून नावांसकटचा लावा. हे सगळं मूळ डेस्कटॉपमध्येच आहे. एक्सएफसीई या डेस्कटॉपमध्येही तसंच. माझ्याकडे एका वेळी सात-आठ पीडीएफ उघड्या असतात. प्रत्येक वेळी आयकॉनवर माउस नेऊन हवी ती विंडो शोधायची, हे मला जमणारच नाही. मला नावं दिसायला हवीत.

जाड_ठसा:
इथे सगळे स्वतःपुरतं बोलताहेत. माझ्या घरी लिनक्स वापरते ती आई, आणि तिची नजर अधू आहे. हल्लीच्या कित्येक थीममध्ये (रंगरूपाच्या संचांमध्ये) सगळे आयकॉन एकाच आकाराच्या चौकटीत बसवलेले असतात. तिला ते वेगळे ओळखूच येत नाहीत. मी पॅनेलची उंची ६४ पिक्सेल केली. मग यूएसआर/शेअर/ॲप्लिकेशन्स मधल्या चार डॉट-डेस्कटॉप फायली (ॲपचं नाव, आयकॉन वगैरे सांगणाऱ्या) होम या स्वतःच्या फोल्डरमधल्या डॉट-लोकल/शेअर/ॲप्लिकेशन्स मध्ये कॉपी केल्या आणि त्यांत ‘आयकॉन’ आणि ‘नेम’ या दोन ओळी बदलल्या. आता तिला ‘पत्रं’, ‘फोटो’ असं मराठीत दिसतं. फाइलचं नाव तेच ठेवलं की होममधली प्रत आधी धरली जाते आणि अपडेट तिला हात लावत नाही. एक लक्षात ठेवा: सिस्टिम मराठीत असेल आणि फाइलमध्ये मराठी नावाची वेगळी ओळ असेल, तर बदल त्या ओळीत करायचा.

स्रोत_रक्षक:
मी एक छोटं ॲप सांभाळतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो. थीमने आतली बटणं बदलली की तक्रार माझ्याकडे येते. २०१९ मध्ये ग्नोमच्या ॲप बनवणाऱ्यांनी खुलं पत्र लिहून डिस्ट्रोंना (लिनक्सचे तयार संच बनवणाऱ्यांना) विनवलं होतं की आमची ॲप्स परस्पर थीम करू नका. स्वतःच्या मशीनवर प्रयोग करणाऱ्यांना मात्र त्यात मनाई नव्हती. त्यामुळे आईंच्या आयकॉनांना माझी काहीच हरकत नाही. फक्त तक्रार नोंदवण्याआधी मूळ थीमवर येऊन एकदा बघा, एवढीच कळकळीची विनंती.

उजवी_क्लिक:
रास्त आहे. माझ्या बाजूनेही एक सावधगिरी सांगतो. आयकॉन थीम म्हणजे चित्रं. एखादं नसलं तर हायकलर या मूळ संचातलं घेतलं जातं. प्लाझ्माची ग्लोबल थीम, म्हणजे डेस्कटॉपचं सगळं रूप एकदम बदलणारी थीम, मात्र कोड चालवू शकते. मार्च २०२४ मध्ये अशाच एका थीमने एका वापरकर्त्याच्या फायली पुसल्या होत्या. अनोळखी ग्लोबल थीम मी लावत नाही.

कोरा_डेस्कटॉप:
हेच तर म्हणतोय! आणि @जाड_ठसा, आईंसाठी केलंत ते योग्यच, पण ती कॉपी जुनी होत जाते. अपडेटने ‘एक्झेक’ची, म्हणजे कोणता प्रोग्राम चालवायचा ते सांगणारी, ओळ बदलली तर तुमची प्रत जुनाच प्रोग्राम शोधत बसेल.

जाड_ठसा:
तसं एकदा झालंय. फोटोचं ॲप उघडेना. नवी फाइल पुन्हा कॉपी केली, त्याच दोन ओळी लिहिल्या, पाच मिनिटं लागली. आई सकाळी बसली तेव्हा ‘फोटो’ आपल्या जागी होतं.