मदत हवी आहे : पगारी पीएचडी की शिष्यवृत्ती?

विद्यापीठांतील संशोधनाच्या जागा पाहताना मला दोन मार्ग दिसत आहेत आणि त्यांतील निवडीसाठी जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. स्वीडन, नॉर्वे, नेदरलँड्स येथे पीएचडी करणारा बहुधा विद्यापीठाचा पगारी कर्मचारीच असतो; स्वीडनमध्ये तर ४ वर्षांच्या पूर्णवेळ संशोधनाला २० टक्क्यांपर्यंत अध्यापनाची जोड मिळाल्यास कालावधी ५ वर्षांपर्यंत वाढतो. मात्र अशा जागेचा विषय अनेकदा प्रकल्पाच्या निधीने आधीच ठरलेला असतो, आणि माझ्या मते खरी अडचण तीच आहे. शिष्यवृत्तीत विषयाचे स्वातंत्र्य बहुधा अधिक, पण नोकरीचे संरक्षण कमी. अर्जापूर्वी संभाव्य मार्गदर्शकांना पत्र लिहिताना निधी किती काळाचा आहे आणि तो मध्येच संपल्यास पुढे काय, हे थेट विचारणे शिष्टाचाराला धरून होईल का? ज्यांनी असे विचारले असेल, त्यांनी कृपया कळवावे.