बगॅसच्या डब्यात येसर आमटी टिकत नाही, आणि डबे खड्ड्यात कुजतही नाहीत

खानावळ_लातूर:
पार्सलसाठी उसाच्या चोथ्याचे (बगॅसचे) ७५० मिलीचे डबे घेतलेत. भात, सुकी भाजी व्यवस्थित जाते. येसर आमटी किंवा मटणाचा रस्सा भरला की अर्ध्या-पाऊण तासात बूड मऊ पडतं, बाहेर तेल फुटतं. परत आलेले डबे खतखड्ड्यात टाकले, तर तीन महिन्यांनीही जसेच्या तसे. चूक मालात की वापरात?

पुठ्ठा_पत्रावळ:
ताई, आधी एक डबा फाडून बघा. फाटलेल्या कडेला पातळ, चकचकीत पापुद्रा सुटला तर आत पीएलएचं, म्हणजे वनस्पतीपासून केलेल्या प्लास्टिकचं अस्तर आहे. साधं पीएलए ५५-६० अंशांनाच ढिलं पडतं. त्यात चुलीवरची आमटी ओतली की कोपऱ्यात अस्तर सुटणारच. नुसते तंतू दिसले तर साधा डबा. त्यात गरम तेल थेट तंतूंत शिरतं.

माल घेताना पाण्याने तपासू नका, पाणी बहुतेक डबे धरतात. तुमचीच तर्रीवाली आमटी भरा, झाकण लावा, पेपरावर तासभर ठेवा. डाग कुठे पडतो ते बघा. कोपऱ्यात असेल तर तिथे लगदा पातळ बसलाय, सगळ्या बुडाला असेल तर माल हलका.

अस्तर नसलेल्या डब्यात आमटी ७०-७५ अंशांवर आली की भरा (६०च्या खाली जाऊ देऊ नका, खराब व्हायची भीती) आणि वर बोटभर जागा सोडा. पार्सल तासाभराच्या पुढे जाणार असेल तर रश्शाला हा डबा नकोच. अनामत घेऊन स्टीलचा द्या.

काळी_माती:
तेल अजिबात न सोडणारा डबा मिळाला तर खूश होण्याआधी पुरवठादाराकडून ‘पीएफएएस नाही’ असं लेखी घ्या. तेल रोखायला हे फ्लोरिनचं रसायन लगद्यात घालतात. ते कुजत नाही, खतातून शेतात जातं.

आता खड्डा. चोथ्यात कार्बन भरपूर, नत्र नावाला. नुसते डबे, त्यात आपल्याकडचं ऊन, म्हणजे खड्डा कोरडाठाक. डबे तळहाताएवढे फाडा, रात्रभर शेणकाल्यात भिजवा. एक घमेलं तुकड्यांना दोन-तीन घमेली भाजीचा ओला कचरा, मग मूठभर जुनं खत, असे थर द्या. वर ओलं पोतं. मूठ आवळली की एक-दोन थेंब सुटावेत. धार लागली तर वास मारेल, काहीच सुटलं नाही तर कुजणं थांबेल. आठवड्याला पालटा. तेलाने माखलेले डबे थोडेच घाला, तेल हवा अडवतं. असं केलं तर साधा डबा दोन-तीन महिन्यांत ओळखू येत नाही.

पीएलएवाला मात्र घरच्या खड्ड्यात राहणारच. कुजणाऱ्या प्लास्टिकच्या आयएस/आयएसओ १७०८८ या मानकाचं प्रमाणपत्र दाखवतील, पण ती कसोटी सतत तापलेल्या मोठ्या कंपोस्ट प्रकल्पाची. दुकानदार हे सांगत नाही.

खानावळ_लातूर:
फाडला, पापुद्रा निघाला! झाकणं पारदर्शक आहेत, ती?

पुठ्ठा_पत्रावळ:
त्यावर पीईटी किंवा त्रिकोणात १ असेल तर साधं प्लास्टिक. धुऊन सुक्या कचऱ्यात द्या. पुढच्या खेपेला झाकणही चोथ्याचंच मागा, आणि पावसाळ्यात खोकी फरशीवर नको, फळीवर ठेवा. ओल धरलेला डबा आमटी पडायच्या आधीच नरम असतो.