बाळाचं नाव ‘पळस’ ठेवावं का? आणि ‘ळ’चं काय करावं?

धुऱ्यावरचा (जि. यवतमाळ)

राम राम मंडळी. बायकोला सातवा चालू आहे, दिवस फाल्गुनात भरतात. मुलगा की मुलगी हे कोणी विचारायचं नाही, कोणी सांगायचं नाही, १९९४ चा कायदाच आहे. आम्हालाही घाई नाही. नाव मात्र आताच ठरलं: पळस. दोघांनाही चालेल असं.

सुचलं कुठून, तर लग्नानंतर ती पहिल्यांदा आमच्या शेतात आली ती फरदडीचा, म्हणजे हंगाम सरल्यावरही ठेवलेल्या झाडांचा, कापूस वेचायला. पऱ्हाटी वाळलेली, बोंडं नावापुरती, आणि धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, पळसाला एक पान नाही, नुसती फुलं. तिनं खाली पडलेलं एक उचललं, त्याची काळपट मखमली टोपी नखानं सोलली आणि म्हणाली, ‘पोपटाची चोच आहे हो ही.’ बस, तेवढंच.

अडचण उच्चाराची. आमच्या घरात ‘ळ’ कोणाच्या तोंडात बसत नाही. डोळा म्हणजे डोया, शाळा म्हणजे शाया, तसा पळस म्हणजे पयस. आईला सांगितलं तर म्हणे, ‘पयस? अन् लेकरू जल्मभर पयतच राहीन का मंग?’ बारशाला कानात नाव सांगणार माझी मोठी बहीण. तिनं आताच बजावलं, ‘मी तं पयसच म्हनीन, मले तुमचं ते पुस्तकातलं नाई येत.’ म्हणजे लेकराच्या कानात पहिल्यांदा जे पडणार तेच चुकीचं?

असं नाव कोणी ठेवलेलं ऐकलंय का? ‘पलाश’ सुचवू नका, ते बऱ्याच ठिकाणी सापडतं, आणि मी तरी ते मुलांचंच ऐकलंय.

किरण, वरुडवाला

भाऊ, मी पुरुष आहे. हे आधी सांगतो, कारण नेहमीच सांगावं लागतं. पाचवीत नवीन शाळेत गेलो तर पहिल्या दिवशी नाव मुलींच्या यादीत. गुरुजींनी ‘किरण’ पुकारलं, मी ‘हजर’ म्हटलं, वर्ग दहा मिनिटं हसला. अकराव्या मिनिटाला विसरला. आणि ‘ण’ म्हणाल तर गावात मी किरनच. घरी आजवर कोणी मला किरण म्हटलेलं नाही, माझं काही अडलं नाही.

दोघांना चालणारी नावं आपल्याकडे नवीन थोडीच आहेत. तुकडोजी महाराजांचं पाळण्यातलं नाव माणिक, आणि गायिका माणिक वर्माही माणिकच. गुलाबराव महाराजांचा गुलाब आमच्या गल्लीत गुलाबबाई होऊन बसला होता. मराठीत क्रियापदच सगळं सांगून टाकतं. ‘पळस आली’ हे कानाला दोन दिवस खटकेल, मग नाही.

पळस नावाचं माणूस मात्र मी पाहिलेलं नाही. पळसगावं ढीगभर आहेत.

ओंजळची आई

गंमत पुरे, कागदाचं बघा. आमच्या मुलीचं नाव ओंजळ. फॉर्म इंग्रजीत भरला, त्यावरून कुणीतरी मराठीत उतरवलं, दाखल्यावर आलं ‘ओंजल’. मग चकरा सुरू. तुमचं तर पी, ए, एल, ए, एस असं लिहिलं की कोणी पलास वाचेल, कोणी पॅलेस. (राजवाडा मिळतोय तर घ्या.) म्हणून देवनागरीत स्वतःच्या हातानं लिहून द्या आणि छापण्याआधी ‘ळ’वर बोट ठेवून बघा. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, पण नाव तेव्हाच द्यायला हवं असं नाही. १२ महिन्यांच्या आत विनाशुल्क टाकता येतं. तोवर बहिणीशी भांडून घ्या.

गोंदियाकर

शेजारच्या छत्तीसगडीत पळसाला ‘परसा’ म्हणतात. आमची आजी पत्रावळीची पानं तोडायला निघाली की तेच म्हणायची. मग तिचंही चुकीचं धरायचं का? बाकी ‘पळसाला पानं तीनच’ हे लेकराला दर पाहुण्याकडून ऐकावं लागेल. पाठ करवून घ्या.

निवृत्त मास्तर

धुऱ्यावरचे, तुमच्या भगिनी चुकत आहेत असं मला वाटत नाही. ‘पयस्’ हा स्वतंत्र संस्कृत शब्द आहे. अर्थ दूध, पाणी. आपल्या पूर्णा नदीला जुन्या काळची पयोष्णी मानतात, त्यातलाही ‘पय’ हाच. आणि तुम्हाला हवं ते पुढे आहे: पळस मराठीत पुल्लिंगी, तो पळस. पयस् मात्र नपुंसकलिंगी. दोघांना चालणारं नाव शोधलं तुम्ही, पण ते सापडलं तुमच्या आईच्या तोंडी. ३१ वर्षं मी पोरांच्या जिभेवर ‘ळ’ बसवत होतो, त्यामुळे हे लिहिताना जरा जड जातंय.

धुऱ्यावरचा

गुरुजी, तुमचं उत्तर रात्री चुलीजवळ बसून आईला वाचून दाखवलं. ‘दूध म्हन्ते का?’ एवढंच विचारलं तिनं. बायको अजून अडून आहे, दाखल्यावर पळसच पाहिजे म्हणते, फूल तिनं उचललं होतं. तसंच लिहू. ओंजळच्या आई, बोट ठेवून बघतो.

सकाळपासून आई मात्र तिला ‘पयसाची माय’ म्हणून हाक मारते आहे, आणि ती ओ देते आहे.