पहिल्या गेमिंग पीसीला २४ इंची फुल एचडीच घ्या, २७ इंची १४४०पी नको

कळफलक
मावसभावाचा पहिला पीसी जुळवतोय. रायझन ५ ५६०० प्रोसेसर, आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्ड, १६ जीबी रॅम एवढं नक्की झालंय. मॉनिटरला १० हजार, फार तर ११. पोरगा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, मुख्यतः व्हॅलोरंट (ऑनलाइन नेमबाजीचा गेम) खेळतो, सुट्टीत सायबरपंक (कार्डाला जड जाणारा गोष्टीवाला गेम) खेळायचंय म्हणतो. माझं ठाम मत: २४ इंची, फुल एचडी (१९२० बाय १०८० पिक्सेल, म्हणजेच १०८०पी), आयपीएस जातीचा पडदा, रिफ्रेश रेट १४४ हर्ट्झ (सेकंदाला १४४ चित्रं) किंवा त्याहून वर. त्याला मात्र बजेट ताणून २७ इंची १४४०पी (२५६० बाय १४४० पिक्सेल) हवाय.

फुल एचडीत २०.७ लाख पिक्सेल, १४४०पीत ३६.९ लाख. प्रत्येक फ्रेमला, म्हणजे चित्राला, कार्डाने पावणेदोनपट राबायचं. आणि एएमडीने २०२१ साली हे कार्ड काढलं तेच १०८०पीसाठी. त्यापेक्षा रिफ्रेश रेटवर पैसे घाला. ६० हर्ट्झला पडद्यावर नवं चित्र १६.७ मिलिसेकंदांनी येतं, १४४ला ६.९ मिलिसेकंदांनी. माउस झर्रकन फिरवला की भिंतीची कड तुटक उड्या न मारता सलग सरकते. हे कुणी समजावून सांगावं लागत नाही.

रात्रपाळी
अजिबात पटलं नाही. कार्ड तीन-चार वर्षांत बदलेल, मॉनिटर त्याच्या दुप्पट टिकेल. जे जास्त टिकणार तिथेच हात आखडता का घ्यायचा?

व्हॅलोरंट इतका हलका आहे की हेच कार्ड त्यात १४४०पीलाही १४४च्या वर फ्रेम देतं. राहिला सायबरपंक. त्यात एफएसआर आहे, म्हणजे गेम लहान चित्र काढून ते पडद्याएवढं मोठं करतो. १४४०पीला क्वालिटी मोड लावला की गेम आतून १७०७ बाय ९६०वर रेंडर होतो, म्हणजे १६.४ लाख पिक्सेल. तुमच्या फुल एचडीपेक्षा कमीच की! आणि पोरगा कोडिंगही करणार ना? एका बाजूला कोड, दुसऱ्या बाजूला नोट्स उघडल्या की १९२० रुंदीत दोन्हीकडे कोंडमारा होतो.

कळफलक
कोडिंगचं मान्य. एफएसआर मात्र फुकटात होत नाही, चित्र मोठं करायलाही कार्डाचा वेळ जातो. ज्या जड गेममध्ये ते नसेल तिथे १०८०पीवर उतरावं लागेल, आणि एका पिक्सेलचे सव्वा-दीड करून पसरवले की अक्षरं धुरकट होतात. शिवाय बरा १४४०पी घ्यायचा तर पाच-सहा हजार वर लागतात. ते पॉवर सप्लायमधून काढू? कुठलातरी पडेल सप्लाय लावून सगळं मशीन धोक्यात घालायला मी तयार नाही.

पेठकर
मी दोघांच्याही विरुद्ध. घरात जुना ६० हर्ट्झचा ऑफिस मॉनिटर असेल तर तोच लावा आणि ते ११ हजार कार्डात घाला. गोष्टीवाल्या गेमना ६० फ्रेम भरपूर झाल्या. पहिला पीसी आहे, सगळं एकदम आलंच पाहिजे असं कुठे आहे?

स्नेहल_के
पेठकर काका, गोष्टीवाल्या गेमपुरतं ठीक. पण तो व्हॅलोरंट खेळतो. कार्ड सेकंदाला दीड-दोनशे फ्रेम काढणार आणि पडदा त्यातल्या साठच दाखवणार, मग आणखी मोठ्या कार्डाचं करायचं काय?

मी कळफलक यांच्या बाजूने, पण "आयपीएसच" हा हट्ट मला मान्य नाही. अंधाऱ्या खोलीत खेळणाऱ्याला आयपीएसचा काळा रंग राखाडी दिसतो. तिथे कॉन्ट्रास्ट (पांढऱ्या-काळ्यातला फरक) साधारण १०००:१, व्हीए या दुसऱ्या जातीच्या पडद्याला ३०००:१च्या आसपास. मात्र स्वस्त व्हीएमध्ये काळोखातून काही पटकन सरकलं की मागे काळी शेपूट उमटते, आणि व्हॅलोरंटवाल्याला ती नक्की खटकेल. त्याच्यासाठी आयपीएस, पण त्याच्याचसाठी.

सगळ्यात वाईट सौदा २७ इंची फुल एचडी. मोठा दिसतो म्हणून दुकानदार तोच पुढे करतात. २४ इंचीला इंचाला ९२ पिक्सेल मिळतात, इथे जेमतेम ८२. त्यावर मराठी पीडीएफ उघडून बघा, रफार आणि जोडाक्षरांच्या कडा पायऱ्या-पायऱ्यांच्या दिसतात. २७ इंच हवेच असतील तर १४४०पी, तिथे १०९ मिळतात. एवढ्यापुरतं रात्रपाळी यांचं बरोबर आहे.

मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात जाणार असाल तर खोक्यावरच्या "१ एमएस"वर (एक मिलिसेकंदावर) जाऊ नका. पुष्कळदा तो एमपीआरटीचा (हलतं चित्र किती वेळ दिसतं त्याचा) आकडा असतो, बॅकलाइट लुकलुकवून मिळवलेला, आणि ते चालू केलं की पडद्याचा उजेड कमी होतो. जीटीजी, म्हणजे पिक्सेलला रंग बदलायला लागणारा वेळ, किती ते विचारा. स्वस्त मॉनिटरवरच्या एचडीआरच्या (उजेड-काळोखाचा पल्ला वाढवण्याच्या तंत्राच्या) शिक्क्यासाठी रुपयाही जास्त देऊ नका. डेड पिक्सेल (बंद पडलेले ठिपके) किती असले तर बदलून देतात हे पैसे देण्याआधी विचारा. मला एका दुकानात "एक ठिपका चालतो मॅडम" एवढंच उत्तर मिळालं होतं, तिथून मी घेतला नाही.

घरी डिस्प्लेपोर्टची केबल वापरा, एचडीएमआय १.४ फुल एचडीला सहसा १२० हर्ट्झच्या पुढे जात नाही. मग विंडोजच्या सेटिंगमध्ये जाऊन १४४ निवडा. पुष्कळदा ते ६०वरच अडलेलं असतं आणि महिनोन्महिने कुणाच्या लक्षात येत नाही.

रात्रपाळी
८२चा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण माझा आग्रह कायम. घरच्या टीव्हीला एचडीएमआय आहे ना? गेम मोड लावून दिवाळीपर्यंत त्यावर खेळू दे. तेवढ्यात पाच-सहा हजार जमतील, मग १४४०पी घ्या. पॉवर सप्लायलाही हात लागणार नाही.

कळफलक
टीव्ही हॉलमध्ये आहे, संध्याकाळी त्यावर मावशीच्या मालिका असतात. थांबायचं की नाही हे आज त्यालाच विचारतो. थांबणार असेल तर २७ इंची १४४०पीला माझी हरकत नाही. या रविवारीच हवा म्हणाला तर २४ इंची आयपीएस, आणि उरलेल्या पैशांत बरा हेडफोन. व्हॅलोरंटमध्ये पावलं ऐकू यायला तोही लागतोच.