शब्दचर्चा : अमेरिकेतली निवडणूक 'मध्यावधी' म्हणावी का?

रविवारी सांगलीहून बाबांचा फोन आला. "तिकडं सरकार पडलं काय रे?" मला काही कळेना. मग त्यांनी पेपरातला मथळा वाचून दाखवला : 'अमेरिकेत नोव्हेंबरमध्ये मध्यावधी'. बाबांचं चुकलं असं मला वाटत नाही. १९७१ ची मध्यावधी त्यांना आठवते. लोकसभा वर्षभर आधीच बरखास्त झाली होती. मराठी माणसाला मध्यावधी म्हणजे सभागृह मुदतीआधी मोडणं.

इथे काहीच मोडलेलं नाही. अध्यक्षांच्या चार वर्षांच्या मुदतीत बरोबर मध्यावर ही निवडणूक ठरलेलीच असते. यंदा ३ नोव्हेंबर २०२६. प्रतिनिधिगृहाच्या सगळ्या ४३५ जागा आणि सिनेटच्या १०० पैकी ३५, त्यात आमच्या न्यू जर्सीची एक. ३५ पैकी ओहायो आणि फ्लोरिडातल्या दोन जागा तिथले सिनेटर व्हान्स (आता उपाध्यक्ष) आणि रुबिओ (आता परराष्ट्रमंत्री) सरकारात गेल्यामुळे रिकाम्या झाल्या. त्यांना आपला 'पोटनिवडणूक' चपखल बसतो, फक्त तोवर तिथे गव्हर्नरांनी नेमलेली व्यक्ती बसते.

शब्दासाठी एवढा आग्रह का, तर १ जुलै २०२५ च्या मतदानामुळे. ट्रम्प यांच्या कर आणि खर्चाच्या विधेयकावर सिनेटमध्ये ५०-५० झालं आणि उपाध्यक्ष व्हान्स यांच्या निर्णायक मताने ते निघालं. (राज्यसभेतही सभापती, म्हणजे उपराष्ट्रपती, समसमान मतं पडली तरच मत देतात. 'निर्णायक मत' हा शब्द तिथूनच आपल्या ओळखीचा.) कॉलिन्स, टिलिस आणि पॉल या तीन रिपब्लिकनांनी विरोधात मत दिलं. टिलिस यांनी तर दोनच दिवस आधी पुन्हा उभं राहणार नसल्याचं जाहीर केलं होतं. मेडिकेडला, म्हणजे गरिबांच्या औषधपाण्याच्या पैशाला, कात्री लावणारं हे विधेयक मला अन्यायाचं वाटतं. पण कुठल्याही बाजूचा सिनेटर असो, आपली निवडणूक कधी हे त्याला शपथ घेतल्या दिवसापासून ठाऊक असतं. हात वर करताना ती तारीख त्याच्या डोळ्यांपुढे असते. 'मध्यावधी' म्हटलं की निवडणूक अवचित येऊन पडल्यासारखी वाटते आणि मत व तारीख यांचा हा संबंधच वाचकाच्या नजरेतून सुटतो.

प्रतिसाद : अवधीच्या मध्ये ती मध्यावधी, व्युत्पत्ती चोख आहे. शब्द रुळलेला आहे. संदर्भाने अर्थ कळतो.

प्रतिसाद : राज्यसभेचे एक तृतीयांश सदस्य दर दोन वर्षांनी निवृत्त होतात, त्या निवडणुकीला आपण 'द्वैवार्षिक' म्हणतो. सिनेटचंही तेच, सहा वर्षांची मुदत आणि दर दोन वर्षांनी साधारण एक तृतीयांश जागा. मग हाच का नको?

मूळ लेखक : 'द्वैवार्षिक' मलाही आवडला होता. पण २०२४ ला अध्यक्षांबरोबर सिनेटची निवडणूक झाली, तीही द्वैवार्षिकच. दोन्हींतला फरक त्यात उरत नाही. आणि व्युत्पत्ती चोख असली तरी बाबांनी संदर्भासकट बातमी वाचली होती, तरीही सरकार पडल्याचंच त्यांच्या मनात आलं. माझं मत असं की पहिल्या उल्लेखात 'अध्यक्षांच्या मुदतीतली मधली निवडणूक' लिहावं आणि पुढे नुसतं 'मधली निवडणूक'. काल बाबांना हे समजावत होतो तर म्हणाले, "मग मधली म्हण की सरळ. आम्ही उगंच घाबरलो."