मदत हवी आहे : उपराष्ट्रपतीपदानंतर सक्रिय राजकारणात कोणी परतले का?

स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासगटासाठी भारताच्या उपराष्ट्रपतींचा तक्ता करतोय. पदाआधीचा भाग जमला. त्यात राज्यपालपद सारखं दिसतं: झाकीर हुसेन बिहारचे, बी. डी. जत्ती ओरिसाचे, तर शंकर दयाळ शर्मा आणि सी. पी. राधाकृष्णन थेट आपल्या महाराष्ट्राच्या राजभवनातून दिल्लीला गेले.

घोडं अडलंय ते नंतरच्या भागात. सर्वपल्ली राधाकृष्णन, झाकीर हुसेन, गिरी, वेंकटरमण, शर्मा, नारायणन हे सहा जण राष्ट्रपती झाले, त्यामुळे त्यांची नावं नकोत. (गिरींनी 1969 मध्ये राजीनामा दिल्यावर हंगामी राष्ट्रपती झालेले सरन्यायाधीश हिदायतुल्ला 1979 मध्ये स्वतः उपराष्ट्रपती झाले, हे मला फार विलक्षण वाटतं.) कृष्णकांत यांचं 2002 मध्ये पदावर असतानाच निधन झालं. भैरोसिंह शेखावत 2007 मध्ये प्रतिभाताई पाटलांकडून राष्ट्रपतीपदाची निवडणूक हरले.

उरतात पाठक, जत्ती, हिदायतुल्ला, शेखावत, अन्सारी, नायडू आणि धनखड. राज्यसभेच्या संकेतस्थळावरचे परिचय वाचले, पण ते बहुतेक पदावरच्या काळापाशी थांबतात. विकिपीडियाचा आधार गटात चालत नाही. आत्मचरित्र, संसदेचं प्रकाशन किंवा त्या काळचं वृत्तपत्र चालेल. मराठी, हिंदी, इंग्रजी कुठलंही. मानद पदं, संस्थांची अध्यक्षपदं मोजायची नाहीत.

तर या सात जणांपैकी कोणी पद सोडल्यावर पुन्हा खासदार, मंत्री, राज्यपाल किंवा पक्षाचा पदाधिकारी झालं का, आणि त्याचा खात्रीचा आधार कुठे मिळेल?